डिझेलचा लाल रविवार

आमच्या सायकल क्लबात त्याला सगळे डिझेल म्हणतात. गरम व्हायला वेळ लागतो, पण एकदा गरम झाला की थांबत नाही, म्हणून. चष्म्याच्या एका दुकानामागच्या खोलीत तो काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. खोलीला खिडकी नाही. दिवसभर खाली मान घालून बसल्यामुळे पाठीला बाक आलाय. सायकलच्या वाकड्या हँडलवर तो बाक बरोबर बसतो, असं तो स्वतःच सांगतो आणि स्वतःच हसतो. लग्न केलं नाही. थोरला भाऊ, वहिनी आणि पुतणी यांच्याबरोबर राहतो. घर दोघा भावांच्या नावावर आहे, पण त्याची खोली सर्वांत छोटी आणि तिच्यात घरातली इस्त्रीही असते.

क्लबात वर्षाची आखणी वर्षाच्या पहिल्या रविवारी होते. जागा म्हणजे सायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या दुकानाची मागची खोली. एका भिंतीला जुने टायर, दुसऱ्या भिंतीवर वर्षाचा मोठा तक्ता. त्यावर येत्या वर्षातल्या सगळ्या शर्यती लिहिलेल्या असतात आणि आम्ही त्यांना टाचण्या लावतो. लाल टाचणी म्हणजे ही शर्यत तुझी. पिवळी म्हणजे जा, पण जीव काढू नकोस, पाय तपासून ये. पांढरी म्हणजे दुसऱ्यासाठी पळायचं. ज्याची लाल असेल त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, त्याला पाणी आणून द्यायचं, आणि शेवटी तो पुढे निघून गेला की मागे पडायचं. वारा तोडणारा माणूस दमतो, मागचा ताजा राहतो. सायकलच्या शर्यतीचं सगळं गणित एवढंच आहे.

आता लाल टाचण्या सगळ्यांना देता येत नाहीत. सगळेच राजे झाले तर वारा कोण तोडणार? म्हणून लाल नंबराने मिळते. वकिलाला मात्र ती दर वर्षी मिळते. तो क्लबचा कप्तान आहे, आणि तक्ता त्याच्या ऑफिसात छापला जातो.

डिझेलच्या नावापुढे आजवर पांढऱ्याच टाचण्या होत्या. नंबर आला की तो म्हणायचा, "यंदा राहू दे, त्याला द्या, तो जोरात आहे." त्या वर्षी मात्र तो पन्नाशीचा झाला. पन्नाशीच्या वरच्यांचा घाटाच्या शर्यतीत वेगळा गट असतो. त्या गटात तो सर्वांत तरुण असणार होता. म्हणजे जिंकायची संधी होती, आणि ती एकदाच येते. पुढच्या वर्षी दुसरा कुणीतरी पन्नाशीचा होतो.

"घाटाची मला पाहिजे," तो म्हणाला.

वकिलाने तक्त्याकडे पाहिलं. "घाट आणि माझी शर्यत एकाच महिन्यात येतायत. पोरं दोनदा कशी दमणार?"

"मग तुझी पिवळी कर."

मिस्त्री चाकातली तार घट्ट करत होता, त्याचा हात थांबला. मग बँकेतला कारकून खुदकन हसला आणि वकिलालाही हसावं लागलं.

"घे बाबा. पण वाया घालवू नकोस. परत नंबर लागेपर्यंत तुझा नातू आलेला असेल," वकील म्हणाला.

"आधी बायको येऊ दे," डिझेल म्हणाला आणि लाल टाचणी त्याने स्वतःच्या अंगठ्याने तक्त्यात दाबली.

शर्यतीची आखणी उलटी करायची असते. आधी शर्यतीचा दिवस मांडायचा, मग तिथून मागे मागे यायचं. कधी लांब पल्ला, कधी चढ, कधी हलकं. त्याने ते सगळं एका तक्त्यावर उतरवलं. रोजच्या चौकोनात किलोमीटरचा आकडा. शेवटचे दोन आठवडे मात्र जवळजवळ रिकामे ठेवले. त्यांना आम्ही पाय साठवायचे दिवस म्हणतो. महिनोन् महिने जे कमावलं ते या दिवसांत अंगात मुरतं. त्या वेळी माणसाने जिनासुद्धा जपून चढावा. नवशिके इथेच चुकतात, घाबरून जास्त सायकल चालवतात. डिझेल त्यातला नव्हता.

हा तक्ता त्याने स्वयंपाकघरात फ्रिजला लावला. हेतू चांगला होता. घरातल्यांना कळावं, कुणाची अडचण होऊ नये.

वहिनींनी चष्मा लावून तो वाचला. "हे बरं केलंत, भाऊजी. नाहीतर दर रविवारी मला अंदाज बांधावा लागतो, तुम्ही जेवायला आहात की नाही."

आणि खरं सांगायचं तर घराने तो तक्ता पाळला. आकडा असलेल्या दिवशी त्याला कुणी काम सांगितलं नाही. वहिनी सकाळी दूध आणि केळी काढून ठेवायच्या. पुतणी शाळेच्या दप्तरात वह्या कोंबता कोंबता ओरडायची, "काका, आज ऐंशी आहेत तुझे, चढासकट." भाऊ पेपरातून मान वर न काढता म्हणायचा, "ऐंशी म्हणजे एसटीने जायचं अंतर आहे, मूर्खा." पण दार लावून घ्यायला तोच उठायचा. डिझेलची गालफडं आत गेली, पोटऱ्यांवर दोऱ्या उठल्या. आमच्यापैकी कुणालाही त्याच्या चाकाला चिकटून चढ चढता येईना. वकिलालाही नाही. वकील ते बोलून दाखवायचा नाही, फक्त वर पोचल्यावर पाणी जास्त प्यायचा.

शेवटचा लांब पल्ला संपवून तो एका रविवारी घरी आला. साखळी पुसली, सायकल भिंतीला टेकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तर दारात रंगारी उभा. बरोबर शिडी, बादल्या, घासायच्या कागदाची भेंडोळी.

"आजपासून?" त्याने विचारलं.

"तुमचे दोन आठवडे मोकळे दिसले, म्हणून तर हे दिवस घेतले," वहिनी म्हणाल्या. त्यांना स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. "यांची कंबर ही अशी. कपाटं हलवायला घरात माणूस नको का?"

"वहिनी, ते मोकळे नाहीत. या दिवसांत मी काही करायचं नसतं."

"तेच तर म्हणतेय. काही करायचं नाहीये ना तुम्हाला."

"तसं नाही. काही न करणं हेच काम आहे. पाय साठवायचे असतात."

भाऊ आतून आला. "पाय काय टाकीतलं पाणी आहे साठवायला? महिनोन् महिने तू गावभर हिंडलास, आम्ही चकार शब्द काढला नाही. आता घरी बसणार आहेस तर एक टोक धर."

"दादा, पंधरा दिवसांनी करू. मी एकटा उचलतो सगळं."

"पंधरा दिवसांनी रंगारी दुसरीकडे जातोय."

डिझेलने रंगाऱ्याकडे पाहिलं. रंगारी म्हणाला, "मला कायपण चालतंय, पण एकदा हो-नाही सांगा. शिडी जड आहे."

त्याने टोक धरलं.

रंगकाम म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. एक खोली रिकामी करायची म्हणजे दुसरी गच्च भरायची, मग ती रिकामी करायची. लोखंडी कपाट, पलंग, पुतणीचं टेबल, कधी न उघडलेल्या ट्रंका. काचांच्या खोलीतून संध्याकाळी तो परतला की हा पसारा वाट पाहत असायचा. मध्येच रंगाऱ्याचा जोडीदार आजारी पडला, तेव्हा भिंती घासायला शिडीवर हाच चढला. रंगाच्या वासाने स्वयंपाकघरात जमिनीवर झोपायचा, फ्रिजच्या पुढ्यात. डोक्यावर तोच तक्ता, तेच रिकामे चौकोन.

एकदा तो मिस्त्रीकडे ब्रेकची तार बदलायला आला, तेव्हा मी तिथेच होतो. नखांत पांढरा रंग होता. मिस्त्रीने पोटरीला बोटाने दाबून पाहिलं, जसं टायर पाहतात तसं.

"हे काय लाकूड केलंस? नाही म्हणता येत नाही का?"

"भिंती माझ्यापण आहेत ना."

"घरीपण पांढरीच टाचणी का तुझी?"

डिझेलने तार खेचून पाहिली. "थोडी सैल ठेव," एवढंच म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी त्याच्यासाठी आम्ही तिघे होतो. वकील, बँकेतला कारकून आणि मी. वकिलाबद्दल काही म्हणा, त्या दिवशी त्याने पांढऱ्या टाचणीचा मान राखला. घाटाच्या पायथ्यापर्यंत समोरून वारा होता आणि त्यातला निम्मा त्याने एकट्याने तोडला. डिझेल आमच्या मागे. इतक्या वर्षांत कुणाच्या तरी पाठीमागे आडोशाला बसून चाललेला मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. तो अवघडलेला दिसत होता. दोनदा सवयीने पुढे यायला निघाला, तेव्हा वकील ओरडला, "मागे मर. तुझा दिवस आहे."

पायथ्याशी आम्ही बाजूला झालो. आमचं काम संपलं होतं, पायांत काही उरलं नव्हतं. त्याच्या गटातला एक मिशीवाला, दुसऱ्या क्लबाचा, पुढे निघाला आणि डिझेल त्याच्या चाकाला लागला. पहिलं वळण दोघांनी बरोबर घेतलं. घाटाचा रस्ता खालून दिसतो. दुसऱ्या वळणावर दोघांच्या मध्ये एका सायकलचं अंतर होतं. त्यापुढच्या वळणावर मिशीवाला एकटाच दिसला. मग बराच वेळ दुसऱ्या क्लबांच्या शर्टांचे रंग गेले. आमचा रंग आला तेव्हा तो उभा राहून पेडल मारत होता. डिझेल उभा राहून कधी चालवत नाही.

आम्ही हळूहळू वर पोचलो तेव्हा तो रस्त्याकडेच्या कठड्यावर बसला होता. बूट काढले होते.

"कितवा?" वकिलाने विचारलं.

"नववा."

"पाय?"

"शिडीवरचे होते."

रंगकामाचं वकिलाला कुणी सांगितलं नव्हतं. मिस्त्री असल्या गोष्टी पोचवत नाही. वकिलाला वाटलं हा थट्टा करतोय. त्याने हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि शांतपणे म्हणाला, "तिघांचा दिवस गेला."

"हो," डिझेल म्हणाला. रंगाऱ्याचं नाव त्याने काढलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाटलीतलं पाणी प्यालो.

घरी भिंती वाळल्या होत्या. फिकट पिवळ्या. दारातच वहिनी म्हणाल्या, "आलात? बरं झालं. एवढं कपाट भिंतीला लावून घ्या, म्हणजे सगळं जागच्या जागी." मग कपाट लागल्यावर त्यांना आठवलं. "आणि नंबर आला का हो?"

"नववा."

"अरे वा. म्हणजे पहिल्या दहात."

त्या मनापासून म्हणाल्या. भावाने तर शेजाऱ्यांना बोलावून भिंती दाखवल्या आणि बोलता बोलता सांगितलं, "आमचा धाकटा घाटात पहिल्या दहात आला." शेजाऱ्यांनी आधी रंगाचं नाव विचारलं, मग डिझेलचा हात हातात घेतला. पुतणी तेवढी फ्रिजसमोर उभी होती. तक्ता काढून घडी घालता घालता तिने हळूच म्हटलं, "काका, रिकाम्या चौकोनांतपण आकडे लिहायचे होतेस."

पुढच्या वर्षाच्या पहिल्या रविवारी मिस्त्रीच्या खोलीत पुन्हा तक्ता लागला. लाल टाचण्या वाटल्या गेल्या. एक वकिलाला, ती तर असतेच. डिझेलच्या नावापुढे ओळीने पांढऱ्या. त्याची लाल वापरून झाली होती, आणि नियम नियम असतो.

घरी वहिनींनी आपणहून विचारलं, "यंदाचा तक्ता कधी लावताय, भाऊजी? पाण्याची टाकी बदलायची आहे. तुमचे मोकळे दिवस बघून प्लंबरला सांगते."

त्याने तक्ता लावला. एकही चौकोन रिकामा नव्हता. वहिनींनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. "अगंबाई, यंदा फारच मेहनत दिसते," म्हणाल्या, आणि टाकीचं काम भावाच्या कंबरेवर गेलं.

एका रविवारी मी पंक्चर काढायला मिस्त्रीकडे गेलो. मागच्या खोलीत डिझेल होता. क्लबचा शर्ट, खाली घट्ट चड्डी, मांडीवर हेल्मेट. दोन्ही पाय जुन्या टायरांच्या चळतीवर ठेवून खुर्चीत मागे रेलला होता. सायकल दाराशी, चाकं कोरडी.

"आज किती?" मी विचारलं.

"तक्त्यावर नव्वद आहेत."

"पण आता तुझी शर्यत कुठे आहे? पाय कशासाठी साठवतोस?"

"सवय करून ठेवतोय," तो म्हणाला. "परत नंबर लागेल तेव्हा नव्याने शिकायला नको."

तेव्हा त्याच्या गटात तो सर्वांत म्हातारा असेल. ते मी बोललो नाही, त्याला माझ्यापेक्षा जास्त हिशेब येतो. मिस्त्री बादलीत ट्यूब बुडवून भोक शोधत होता. "जाताना याच्या पाठीवर पाणी मारावं लागतं," तो मला म्हणाला, "घाम दिसायला पाहिजे ना. मागच्या खेपेला विसरलो, तर वहिनी म्हणाली म्हणे, आज दमलेले दिसत नाही, जरा पडदे लावता का."

डिझेल हसला नाही. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"नव्वद व्हायला अजून तासभर आहे," म्हणाला आणि डोळे मिटले.