न विचारताच दिलेला नकार

त्या प्रवासी जहाजावर कडकबाईंचं नाव ठाऊक नाही असा माणूस नव्हता, पण त्यांना पाहिलेला माणूस विरळा. कपडे धुण्याचं खातं जहाजाच्या पोटात, पार तळाशी, बरोबर मधोमध होतं. तिथं खिडकी नाही, वारा नाही. नुसती वाफ, खळीचा वास आणि यंत्रांची घरघर. कडकबाई तिथल्या मुख्य. त्यांच्या हातची कॉलर मान कापेल की काय अशी ताठ उभी राहायची, म्हणून हे नाव. बाकीची भर स्वभावानं घातली होती. आईवडील लवकर गेले, पाठच्या भावंडांना मार्गी लावता लावता चाळिशी कधी उलटली ते वाफेत दिसलंच नाही. कुणी लग्नाचा विषय काढलाच, तर म्हणायच्या, "जन्मभर पुरुषांच्या शर्टांच्या सुरकुत्या काढतेय, आता त्यांच्या कपाळावरच्याही मीच काढू?"

एका फेरीत, जहाज बंदर सोडून खोल समुद्रात आलं त्या दिवशी, एक प्रवासी शर्ट घेऊन दारात उभा राहिला. साठीच्या आतबाहेरचे गृहस्थ, चेहरा पिळून काढलेल्या लिंबासारखा.

"धुवायचा होता."

"खोलीवरच्या नोकराकडे द्यायचा. प्रवाशांना इथं यायला मनाई आहे, दारावर पाटी आहे."

"वाचली. थांबतो मी," असं म्हणून त्यांनी चादरींच्या गाठोड्यावर बसकण मारली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, तोच शर्ट घेऊन. तिसऱ्या दिवशीही तोच. कडकबाईंनी घातलेली घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"अहो, यावर डाग कुठंय?"

"असेल कुठंतरी. तुम्ही सावकाश शोधा."

त्या शोधेपर्यंत शर्टवाले गप्पा मारत बसत. जन्मभर त्यांनी कुलपं विकली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, आता दुकान विकून परदेशी लेकीकडे निघाले होते. नवऱ्याला दुकानाबाहेर उभं करून कुलूप घेणारी बाई आणि ती जाताच दुसऱ्या दाराने तेच कुलूप परत करायला आलेला नवरा, अशी एक हकिगत त्यांनी सांगितली तेव्हा कडकबाई चक्क खळखळून हसल्या. धुलाईयंत्रावरच्या फेसबाईने खात्री करायला यंत्र बंद केलं.

"बाई, हा माणूस शर्टासाठी येत नाही हो," ती नंतर म्हणाली.

"जिभेला हाड आहे का तुझ्या?" कडकबाई खेकसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडाला पावडर लागली होती. वाफेपुढे ती काय टिकणार! दुपारपर्यंत तिचे ओघळ झाले.

आठवडाभरात कडकबाईंचं चित्त थाऱ्यावर राहीना. एका टेबलक्लॉथला त्यांनी बाही शोधली. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, गोष्ट वाढण्याआधीच मोडून टाकायची. शर्टवाले येऊन बसताच त्या इस्त्री खाली ठेवून म्हणाल्या, "हे बघा, तुमच्या मनात काय आहे ते मला कळलंय. माझा नकार आहे."

शर्टवाल्यांचा चेहरा पडला. "म्हणजे उद्यापासून येऊ नको? अहो, असं करू नका! वर माझ्या पोटात नुसतं ढवळतं. डॉक्टर म्हणाले, जहाज तळाशी, मधोमध सगळ्यात कमी डुलतं. नेमकं तिथं तुमचं खातं. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून शर्ट..."

फेसबाई हसू दाबता दाबता खोकायला लागली. कडकबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तिथं धरणी कुठली, खाली सगळं पाणीच.

"उद्या पँट आणा," त्या एवढंच म्हणाल्या.

पँट आली. सगळा राग त्यांनी तिच्यात ओतला, खळीच्या रूपाने. सुकल्यावर ती भिंतीला न टेकता उभी राहिली. बिचाऱ्यांनी तीच घालून जेवणाच्या सभागृहात प्रवेश केला, पण गुडघे काही वाकेनात. सगळं जेवण त्यांनी उभ्यानेच उरकलं. बँडवाल्यांना वाटलं, गाण्याचा मान राखताहेत. तेही दुप्पट जोरात वाजवायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते तीच पँट घालून, कर्कटकासारखे पाय टाकत खाली आले.

"रात्रभर विचार केला," ते दारातूनच म्हणाले. "तो नकार कशाला होता, ते पहाटे उमगलं. मी गाढव आहे."

"मग?"

"मग काय! नकार तर मिळाला, पण मी विचारलंच नव्हतं. आता विचारलं तर नव्याने विचार कराल, की जुनाच लागू?"

कडकबाईंनी मान वर केली नाही. "वर समुद्र खवळलाय का?"

"छे! ताटासारखा सपाट आहे. पोरं डेकवर पत्त्यांचे बंगले बांधताहेत."

"मग खाली कशाला आलात?"

शर्टवाले नुसते लाजले. आणि लाजलेला माणूस लाकडी पँटमध्ये फारच केविलवाणा दिसतो.

"ती पँट बदलून या आधी," कडकबाई म्हणाल्या. "खळ काढून देते. असल्या गोष्टी बसून बोलायच्या असतात."

जहाज बंदराला लागलं तेव्हा लेक न्यायला आली होती. "बाबा, कसा झाला प्रवास? डॉल्फिन दिसले? डेकवरून सूर्यास्त पाहिलात?"

"नाही गं."

"एवढ्या दिवसांत काहीच नाही पाहिलंत?"

शर्टवाल्यांनी मागे पाहिलं. जिन्याच्या पायरीवर कडकबाई उभ्या होत्या. सुट्टीचा साधा पोशाख, उन्हाने डोळे बारीक झालेले. लेकीने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाली, "बरं. आधी चहा घेऊ या. मग सांगा, आणि पहिल्यापासून सांगा."

लग्न पुढच्या वर्षी झालं, बाईंचा करार संपल्यावर. लेकीच्याच गल्लीत दोघांनी लाँड्री काढली. शर्टवाले गल्ल्यावर बसतात, गिऱ्हाइकांना कुलपांच्या हकिगती सांगतात आणि एकाचे कपडे दुसऱ्याला देतात. मग कडकबाई आतून ओरडतात, आणि ते चुकीच्या माणसामागे रस्त्याने धावत सुटतात.