भिडूच्या हातावर दहिली

मेंढीकोटात दहिल्या, म्हणजे दहाचे पत्ते, जिंकायच्या असतात. म्हणून भिडूचा हात पक्का झाल्याशिवाय कुणी दहिली सोडत नाही. काल मी चौकट राजा उतरलो आणि लहान चौकट जवळ असतानाही ताईने त्यावर बेधडक दहिली टाकली.

"अगं, एक्का बाहेर आहे!" शेवटची पाळी असलेले, विरुद्ध बाजूचे भाऊजी हसले.

"असू दे. भिडू माझा भाऊ आहे."

आईच्या आजारपणात हाच भाऊ फिरकला नव्हता. सगळं ताईने एकटीने निभावलं. खात्री झाल्यावर विश्वास कुणीही ठेवतो. आधीच ठेवणारी माणसं वेगळीच.

भाऊजींनी दुर्री टाकली. हात आमचा झाला.

"ताई, आईला तसं बघायला मी घाबरलो होतो गं," मी कसाबसा म्हणालो.

"माहितेय." तिने जिंकलेले पत्ते माझ्याकडे सरकवले. "उतारी तुझी. खेळ."