पदराला बांधलेली तंबाखू

कुहीच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नागपूरला दंतवैद्यक शिकत होतो. घरी माय रोज तंबाखूचा गुडाखू दातांना घासायची. तिला हटकायची माझी कधी हिंमत झाली नव्हती.

शहराबाहेरच्या छावणीत पूर्व बंगालमधून आलेले निर्वासित राहत. तिथे मी आणि एक मित्र दातांची निगा शिकवायला गेलो. पान सोडा, तंबाखू सोडा, असं मी पाठ केलेलं बोलत होतो. समोरची म्हातारी सारखी गाल चोळत होती, पण तोंड उघडेना. तिने बिनतंबाखूचा विडा लावून माझ्यापुढे धरला.

"पहले तुम खाओ, बाबा."

"खाऊन घे ना गा," मित्र कुजबुजला. "पाहुणा म्हणून देऊन राहिली ते!"

पानाविरुद्धचा तक्ता हातात धरून मी विडा खाल्ला. सगळे हसले. मग तिनेही तोंड उघडलं. गालात आतून पांढरा चट्टा होता, पुढे कर्करोग होऊ शकतो तसला.

"मासी, पान खाइए, तंबाखू मत डालिए. सोमवार को अस्पताल आइए," मी चाचरत म्हणालो.

तिने स्वतःच्या विड्यातली तंबाखू काढली. फेकली मात्र नाही. पदराच्या टोकाला बांधली.

सोमवारी ती आली नाही. पुढच्या रविवारी छावणीत गेलो, तर त्या लोकांना चांद्याकडे जमिनी देऊन हलवलं होतं. ती गाठ तिने सोडली असेल का, हे मनातून जाईना. त्याच संध्याकाळी कुहीची गाडी धरली.

"माय, तोंड दाखव वं."

"काहून गा?" म्हणत मायने तोंडावर पदर घेतला.