अक्काच्या तोंडावरचा उजेड

माझ्या थोरल्या बहिणीवर अन्याय झाला तो अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, लग्नाचं वऱ्हाड निघायच्या आधी, भर दुपारी. जालन्याहून बोलावलेल्या फोटोवाल्यानं पुरुषांना खुर्च्यांवर बसवलं आणि बायकांना मागं उभं केलं. नव्या नवरीचा पदर कपाळाखाली. त्यानं उजेडाचा अंदाज घेतला तो पुढच्या पांढऱ्या फेट्यांवरून. फोटोत फेट्यांची घडी न्‌ घडी दिसते. अक्काच्या जागी एक काळा डाग आणि त्यात चमकणारी नथ!

मी भांडायला गेलो, तर तो म्हणाला, "बाईच सावळ्या आहेत भाऊ, मी काय करणार?"

हे धडधडीत खोटं आहे. फेट्याला पुरेल तेवढाच उजेड आत घेतला, तर पदराखालचं तोंड काळंच येणार. दोष कातडीचा नव्हे, ज्याच्याकडे बघून माप घेतलं त्याचा. पण केदारखेड्याला, अक्काच्या सासरी, तो फोटो बैठकीत लागला आणि येणारा-जाणारा विचारू लागला, "नवरी कुठंय?" अक्कानं शपथ घेतली, पुन्हा फोटोला बसायचं न्हाई.

पुढं तिला मुलगी झाली. मी एका मित्राचा कॅमेरा मागून आणला. महायुद्धाच्या लढाईमुळं फिल्म मिळत नव्हती. आतल्या फिल्मवर एकच फोटो उरला होता.

"पोरीचा एकटीचा काढ," अक्का म्हणाली. "मला कशाला घेतो? उगं वाया जाईल."

"तुझ्या मांडीवर असेल तरच काढतो."

"लई शहाणा झाला. सभेत बोलून राह्यला ना, तसा इथं नको बोलू."

फिल्मबरोबर एक छापील कागद होता: कडक ऊन असेल तर भिंगाचं तोंड इतकं उघडा, ढग असतील तर इतकं. छापील कागदावर माझा लवकर विश्वास बसतो, मी स्वतःच सभांची पत्रकं लिहितो. पण त्या कागदाला ऊन ठाऊक होतं, पदर ठाऊक नव्हता.

ओट्यावरचं ऊन सरेपर्यंत मी थांबलो. समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून मऊ उजेड ओट्यावर येत होता. तिथं अक्काला बसवलं. तिची सासू लगेच म्हणाली, "पदर मागं न्हाई जायचा, सांगून ठेवते."

"राहू द्या मावशी, पदर आहे तिथंच राहू द्या. मी उजेड वाढवतो."

सासरे खांबाशी बसले होते, तिथं अजून उन्हाची तिरीप होती. "मामा, जरा सावलीत सरका," म्हटलं.

"ही माझी रोजची जागा आहे. उठत न्हाई."

बसा मग! मी अक्काच्या जवळ गेलो, पदराखाली वाकून तिचं तोंड बघितलं आणि माप तिथलं धरलं. कागदात सावलीसाठी सांगितलं होतं त्याहून भिंगाचं तोंड मोठं केलं, शटर सावकाश ठेवलं. कॅमेरा उखळावर टेकवला आणि श्वास रोखून बटण दाबलं. पोरगी दूध पिऊन झोपली होती, म्हणून हलली नाही.

फोटो धुऊन आला तो मी स्वतः घेऊन गेलो. अक्काचे डोळे, हनुवटीवरचं गोंदण, ओठ दाबून धरलेलं हसू, सगळं होतं. सासऱ्यांच्या डोक्यावर मात्र नुसता पांढरा गोळा.

"फेटा कुठं गेला माझा?" ते ओरडले.

सासूबाई फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "फेटा रोजच बघतो की आम्ही. सुनेचं तोंड असं निवांत आज बघितलं."

 बैठकीतला जुना फोटो अक्कानं स्वतः उतरवला आणि त्याच खिळ्यावर हा लावला. मग मला म्हणाली, "जेवूनच जा बरं." इतकी भूक मला कुठल्याच सभेनंतर लागली नव्हती.

आता तुमच्या भिंतीवरचा फोटो खाली घ्या. मागच्या रांगेत बघा, कोणाचं तोंड काळं आलंय. ती अजून घरात असेल, तर फोटोवाल्याला पुन्हा बोलवा, तिला पुढं बसवा आणि त्याला बजावून सांगा: माप हिच्या तोंडावरून घे.