कोकमाचा डाग

अख्ख्या मालवण तालुक्यात पुस्तकाला तोंडावर खरं सांगणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे माझी थोरली वहिनी. बाकीचे आम्ही सगळे वाचनालयात पुस्तक परत करताना "बरं होतं" एवढंच म्हणतो आणि दुसरं घेऊन जातो. वहिनी पुस्तकाशी भांडते, तेही मोठ्याने आणि घरापुढच्या खळ्यात बसून. वाटेने जाणाऱ्याला वाटतं, आत कोणीतरी पाहुणा आलाय आणि त्याची काही धडगत नाही.

पुस्तक हातात आलं की ती आधी शेवटचं पान वाचते. प्रेमाची कादंबरी असली तर हमखासच. मी एकदा म्हटलं, "वैनी, अशान गंमत जाता गो." तर म्हणाली, "भावजीनू, होडी घेवच्या आदी तिचो तळ बघतत ना? मगे पुस्तकाचो कित्याक बघूचो नाय?" तळ पसंत पडला की मग ती पहिल्या पानावर येते, आणि तिथून पुढे नायक-नायिकेचे हाल सुरू होतात. मागे एकदा एक जाडजूड कादंबरी तिने वाचली. तिच्यातली दोघं अर्धं पुस्तक संपेपर्यंत एकमेकांशी धड बोलत नाहीत, नुसती समुद्राकडे बघत उसासे टाकतात. वहिनीचं मत पडलं, "हेंचा एकमेकांवर प्रेम आसा ता वाडीतल्या कुत्र्याकसुदा कळला. फक्त हेंकाच कळाक नाय. इतकी भोळी माणसां संसार काय करतली?" दुसऱ्या एका नायिकेबद्दल तिला खरोखरची काळजी लागली होती. "प्रेमात पडल्यापासून त्या चेडवान अन्नाचो कण खावक नाय," ती मला कालवणाचं भांडं पुढे सरकवत म्हणाली. "शेवटाक लगीन जाला खरा, पण माका वाटता, ता पंगतीतच घेरी येवन पडतला."

इतिहासाच्या पुस्तकांनाही सूट नाही. एका किल्ल्याच्या वेढ्यावरचं पुस्तक वाचताना ती दोन दिवस अस्वस्थ होती. मला वाटलं, वीरांच्या मरणाने हललीय. तर तिचा प्रश्न वेगळाच होता: "तोफा सुटल्या, बुरूज पडलो, सगळा लिवला. पण इतक्या माणसांका रांधून कोणी घातला? एक वळ तरी लिव रे." तेव्हापासून युद्धाच्या प्रत्येक पुस्तकात ती आधी चूल शोधते. चूल सापडली तर त्या लेखकाला माणसात धरते.

आणि कोकमाचा डाग. वैशाखात कोकमाची सोलं वाळत घातली की त्यांची राखण करायला वहिनी खळ्यात बसते, आणि वाचता वाचता उठावं लागलं तर हाताला लागेल ते सोल पानांत खूण म्हणून घालते. त्यामुळे आमच्या वाचनालयातल्या बहुतेक पुस्तकांत जांभळट डाग आहेत. चिटणीस पहिल्यांदा रागावले. पुढे त्यांच्या लक्षात आलं की लोक पुस्तक घेताना प्रस्तावना बघत नाहीत, डाग बघतात. डाग शेवटपर्यंत गेला असेल तर पुस्तक घरी जातं. मध्येच थांबला असेल तर मुकाट कपाटात परत.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते सांगतो. आमच्याकडे कुठलंही काम काढायचं तर देवासमोर आधी गाऱ्हाणं घालतात. एक जाणता पुरुष उभा राहून देवाला सगळं खणखणीत आवाजात सांगतो आणि भोवतालची माणसं दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. बऱ्याच वर्षांपूर्वी वहिनीने चुलीपुढे बसून एका कादंबरीचं असंच गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या नायकाक पयल्या पानापासून बोलाक होया ता शेवटच्या पानार बोललो, तेची जीब वायच सैल कर म्हाराजा." मी हसून हसून पाटावरून घसरलो. वाचनालयाचा वार्षिक दिवस जवळ आला होता, तिथे मी ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. पुढच्या वर्षी पुन्हा मागणी आली, मी पुन्हा वहिनीकडून ऐकून गेलो. असं करत पुस्तकाचं गाऱ्हाणं ही माझी गोष्ट झाली. आता देवगडपासून शिरोड्यापर्यंतची माणसं ते ऐकायला येतात, मोबाइलवर ते फिरतं, आणि मला लोक गाऱ्हाणेवाले आबा म्हणतात. गाऱ्हाणं बायकांनी घालायची रीत नाही, असं मी स्वतःला समजावत आलो. वहिनी बायकांच्या रांगेत बसून स्वतःच्याच वाक्यांना सगळ्यांपेक्षा मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणायची. तो आवाज मला दर वर्षी ऐकू यायचा.

या वर्षी एका किल्लेदारावरचं पुस्तक तिच्याकडून परत आलं, तेव्हा डाग मध्यावरच थांबला होता. मी म्हटलं, "काय वैनी, आवडाक नाय?" ती सोलं पालथी करत राहिली. "पुस्तक बरा आसा. डोळेच कंटाळले." डॉक्टरांकडे नेऊन आणलं होतं, वयाचं म्हणाले. त्याच आठवड्यात चिटणीस घरी येऊन सांगून गेले की यंदा वार्षिक दिवशी माझा सत्कार आहे. त्यानंतर मला जेवण गोड लागेना. शेवटी वहिनीजवळ जाऊन म्हटलं, "ती शाल तुझी गो. मी लोकांका सांगतलंय." ती हसली. "शाल तुमीच घेवा भावजीनू. थंडी तुमकाच वाजता."

पण मी सांगितलं. सभागृह भरलेलं, शाल उघडून चिटणीस उभे, आणि मी माइकवर म्हणालो की आजवर माझ्या तोंडून जे ऐकलंत, त्यातलं एक वाक्यही माझं नव्हतं, माझ्या थोरल्या वहिनीचं होतं, आणि यंदा तीच बोलेल. चिटणिसांचे हात शालीसकट तसेच राहिले. पुढच्या रांगेतून एक मानकरी म्हणाले, "बायल मानूस गाऱ्हाणा घालतला?" वहिनी जागेवरून उठली, माझ्या हाताचा आधार घेत पुढे आली. "देवळात नको तर नको," ती त्यांना शांतपणे म्हणाली. "मी पुस्तकांच्या कपाटासमोर घालतंय. ह्यो देव माका वळखता."

आणि सभेकडे पाठ करून, कपाटाला हात जोडून तिने सुरुवात केली. "बा कपाटातल्या देवा म्हाराजा, यंदा मी दीडच पुस्तक वाचलंय. प्रेमाच्या पुस्तकात नायकाचा प्रेम दिसाक नाय, आणि इतिहास लिवणारो मात्र किल्लेदाराच्या प्रेमात आकंठ बुडालो. तर देवा, ह्येचा वायच प्रेम तेका दी, आणि दोघांच्याय घरात चूल पेटती ठेव म्हाराजा." मग सगळ्यात आधी ते मानकरीच म्हणाले, "व्हय म्हाराजा." त्यांच्या मागोमाग सगळं सभागृह. मी माझ्या खुर्चीतून म्हटलं, आयुष्यात कधी म्हटलं नसेल एवढ्या मोठ्याने. शाल तिच्या खांद्यावर आली, तेव्हा मला जो अभिमान वाटला, तसा माझ्या सगळ्या टाळ्यांत मिळून कधी वाटला नव्हता.

आता दुपारी खळ्यात बसून मी तिला वाचून दाखवतो. मी वाचतो फार संथ, असं तिचं मत आहे, आणि नायिकेचा आवाज काढू नये, असंही. परवा नवी कादंबरी आणली. तिच्या सवयीप्रमाणे मी आधी शेवटचं पान उघडलं, तर तिने पुस्तकावर हात ठेवला.

"नको भावजीनू. आता शेवट ऱ्हवांदे. पयल्या पानापासून वाचा, जमात तितक्या."

मी पहिलं पान उघडलं. थोडं वाचून झाल्यावर बघितलं तर तिचा डोळा लागला होता. शेजारच्या सुपातलं एक सोल उचलून मी हळूच त्या पानात घातलं.