फजलभाईंच्या पोटातलं दुखणं

फजलभाई आमच्याकडे कधी निवांत बसल्याचं मला आठवत नाही. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या ठिकाणी, मी समुपदेशक आहे. चौदा वर्षं ते येत होते आणि चौदा वर्षं टेबलाच्या कोपऱ्याशी उभ्या उभ्याच बोलत होते. "एक पन गोळी चुकली नाय, नंदिनीमॅडम. जाऊ?" त्यांना जासईला परत पोचायचं असायचं. तिथल्या कंटेनर यार्डात ते सर्व्हेयर. परत आलेल्या रिकाम्या कंटेनरमध्ये शिरायचं, दारं बंद करून घ्यायची आणि कुठून उजेडाची तिरीप येतेय का ते बघायचं. तिरीप दिसली की पत्र्याला भोक. मग त्यावर खूण करायची, कागदावर लिहायचं, पुढचा कंटेनर.

ही गोष्ट मी त्यांच्या परवानगीनं सांगतेय. नावं बदलली आहेत. 'फजल' हे नाव त्यांनीच सुचवलं.

मूळचे उरणजवळच्या मोऱ्याचे, राहायला सीवूड्सला. वय एक्कावन्न. एचआयव्ही कसा झाला हे मी त्यांना विचारलं नाही, कुणालाच विचारत नाही. बायको मेहरुनची तपासणी दर वर्षी होते आणि ती निगेटिव्ह आहे. तिच्याखेरीज घरातल्या एकाच माणसाला ठाऊक होतं, धाकट्या भावाला, आतिफला. तो मोऱ्यातच राहतो. त्याला कळलं त्या वर्षापासून त्यानं सीवूड्सच्या घरी पाय ठेवला नव्हता.

गेल्या वर्षी मार्चमध्ये फजलभाई म्हणाले, "मॅडम, पोट बरं नाय. मधेच जुलाब, मग दोन दिवस काहीच नाय. जिना चढलो तरी दम लागतो."

मी म्हटलं, "गोळ्यांनी होतं कधीकधी. पुढच्या वेळी बघू." आणि कार्डावर लिहिलं : पोटाची तक्रार, औषधामुळे? प्रश्नचिन्ह मी दिलं, पण त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मीही गेले नाही. घराजवळच्या डॉक्टरांनी गॅसचं औषध दिलं. मे महिन्यात पुन्हा तीच तक्रार, या वेळी जंताची गोळी.

जुलैमध्ये मेहरुन सोबत आली. तिनं त्यांना बोलूच दिलं नाही. "मॅडम, यांच्या पट्ट्याला मी दोन नवीन भोकं पाडलीत. जेवण अर्धं ठेवतात. संडास काळी होते म्हणतात, ते पण मला काल सांगितलं. तुमी म्हणता सगळं छान आहे. काय छान आहे?"

मी कार्ड उघडलं. जानेवारी एकाहत्तर किलो. मार्च एकोणसत्तर. मे सहासष्ट. त्या दिवशी बासष्ट. चारही आकडे माझ्याच अक्षरात होते. रक्तात विषाणू सापडत नव्हता, प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी सहाशेच्या वर होत्या, एचआयव्ही पूर्ण आटोक्यात. तेवढंच बघून आम्ही खूश होतो. हिमोग्लोबिन मात्र आठवर आलं होतं.

सोनोग्राफीत दिसलं की उजवीकडे खाली, जिथे लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं, तिथली भिंत जाड झालीय. एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, फाईलचं एचआयव्ही लिहिलेलं पहिलं पान पाहिलं आणि म्हणाले, "आतड्याचा टीबी. तुमच्यासारख्या पेशंटमध्ये हेच असतं. गोळ्या आजच सुरू करू."

"टीबी दिसला का?" फजलभाईंनी विचारलं.

"दिसायला कशाला हवा? शक्यता तीच आहे."

"साहेब, आमी रिकामा डबासुद्धा बाहेरून बघून पास करत नाय. तुमी माझ्या पोटात न बघताच सही करताय."

डॉक्टरांना राग आला. त्यांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता, हेही सांगायला हवं. टीबी त्या जागी होतो, आणि आमच्याकडच्या पेशंटना जास्त होतो. पण कर्करोगही त्या जागी अगदी तसाच दिसतो. तुकडा काढून तपासल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही.

फजलभाई तिथून थेट माझ्याकडे आले. केंद्रात गर्दी होती, पण त्यांना दम धरवत नव्हता. दारापासून कपाटापर्यंत, कपाटापासून दारापर्यंत चालत बोलत होते. "चौदा वर्षं, मॅडम. ताप आला, त्याचाच. केस गळले, त्याचेच. मला बाकीच्या मानसांसारखा आजार होऊच शकत नाय का?"

मी त्यांना आमच्या डॉक्टरांकडे, सुयशकडे नेलं. वयानं लहान, नुकताच रुजू झालेला मुलगा. त्यानं कागद बाजूला ठेवले आणि साधा प्रश्न केला, "घरात आतड्याचा आजार कुणाला होता?"

"अब्बांना. त्यातच गेले. अठ्ठेचाळीसचे होते. आणि फुफीला, त्यांच्या बहिणीला."

सुयश थबकला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुनी विचारलंच नाय."

खरं होतं. आम्ही त्यांना जोडीदारांबद्दल विचारलं होतं, सुयांबद्दल, दारूबद्दल. वडिलांबद्दल कधीच नाही.

सुयशनं त्याच दिवशी चिठ्ठी दिली : दुर्बिणीनं मोठं आतडं तपासा, तुकडा काढा. सरकारी रुग्णालयात दोन महिन्यांनंतरची तारीख मिळत होती, म्हणून एका खाजगी रुग्णालयात नाव लावलं. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते खारट औषध लिटर लिटर प्यायचं, उपाशी राहायचं. पहिल्या वेळी सगळं करून गेले, तर मशीन बिघडलेलं. दुसऱ्या वेळी डॉक्टर सुट्टीवर. त्या दिवशी कॉरिडॉरमधून मेहरुनचा फोन आला. "मॅडम, यांच्यामागून आलेले दोघं आत जाऊन बाहेर पण आले. फॉर्मवर यांचा आजार लिहिलाय म्हणून करतात का असं?"

तिसऱ्या वेळी मी रजा टाकून सोबत गेले. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मशीनचा प्रॉब्लेम आहे."

"बरं," मी म्हटलं, "तसं लेटरहेडवर लिहून द्या. तारीख, वेळ, सही. दोन हजार सतराच्या कायद्यानं एचआयव्हीमुळे उपचार नाकारता येत नाहीत. तुम्ही नाकारत नसाल, तर लिहायला हरकत नसावी."

बाई आत गेल्या. फजलभाई हळूच म्हणाले, "बसा मॅडम." स्वतः मात्र उभेच. तासाभरात त्यांना आत घेतलं.

तुकड्याचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत त्यांनी मला किती फोन केले ते मोजलं नाही. यार्डात एकाच कंटेनरमध्ये ते दोनदा शिरले. घरी हॉल ते गॅलरी फेऱ्या मारायचे, खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीत तक्रार केली. मलाही चैन नव्हतं. जुनी कार्डं काढून मी दुसऱ्यांची वजनं तपासत बसायचे.

रिपोर्ट आला. मोठ्या आतड्याचा कर्करोग.

मेहरुननं तोंडावर ओढणी घेतली. फजलभाईंनी विचारलं, "म्हंजे टीबी नाय?"

"नाही," सुयश म्हणाला.

"आनि एचआयव्हीमुळे पन नाय?"

"शंभर टक्के कुणी सांगू शकणार नाही. पण घरातला इतिहास बघता, हा बहुधा वडिलांकडून आलाय."

"अब्बांकडून," ते म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, "अब्बांकडून." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं.

सप्टेंबरमध्ये ऑपरेशन झालं. यकृत स्वच्छ होतं, पण आतड्याजवळच्या दोन लसिकागाठींत आजार पोचला होता. चार महिने लवकर कळलं असतं तर? हे मी सुयशला विचारलं. तो म्हणाला, "माहीत नाही." त्यानं खोटा धीर दिला नाही, ते बरंच केलं. एचआयव्ही आटोक्यात असल्यामुळे केमो इतर कुणालाही देतात तशीच, पूर्ण मात्रेत देता आली. एचआयव्हीची रोजची गोळी त्यांनी ऑपरेशनच्या दिवशीही चुकवली नाही.

सगळ्या भावंडांनी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भावंड म्हणजे आतिफ. केमोनं बोटं बधिर झालेली, वारा लागला तरी सुया टोचायच्या, तरी फजलभाई मोऱ्याला चार खेपा गेले. मेहरुननं मला नंतर सगळं सांगितलं. आतिफ दारातच उभा राहायचा. "तुझ्या त्या रोगानं झालाय तुला. मला काय हाय?"

चौथ्या खेपेला फजलभाई ओट्यावर उभे राहून म्हणाले, "माझ्या घरी येऊ नको. मला हात लावू नको. पन अब्बा तर तुझे पन होते ना, आतिफ?"

तीन आठवड्यांनी आतिफनं फोन केला आणि तारीख विचारली. त्याच्या आतड्यात दोन गाठी निघाल्या, एक चांगली सुपारीएवढी. दुर्बिणीतूनच काढल्या. अजून कर्करोग नव्हता. राहू दिल्या असत्या तर झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. तपासणीच्या दिवशी फजलभाई दारापाशी असे येरझाऱ्या घालत होते की सिस्टरनं त्यांनाच पेशंट समजून नाव विचारलं.

आता ते पुन्हा यार्डात जातात, अर्धा दिवस. वजन अडुसष्ट आहे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आता आईवडील कशानं गेले ते विचारते, आणि वजनाचा नवा आकडा लिहिण्याआधी जुने तीन वाचते. एवढं पुरेसं आहे का, ठाऊक नाही.

आजार परत आलाय का ते बघायला येत्या गुरुवारी फजलभाईंचं पुढचं सीटी स्कॅन आहे. आज सोमवार. सकाळपासून तीन फोन आले.

"मॅडम, रिपोर्ट कधी येईल?"

"फजलभाई, स्कॅन तर होऊ द्या."

"हां, ते पन हाय," ते म्हणाले, पण फोन ठेवला नाही. त्यांच्या येरझाऱ्या मला ऐकू येत होत्या. मीही फोन ठेवला नाही.