दाजींचे पाच जोड

बडोद्याच्या साऱ्या राज्यात पायांची एवढी काळजी वाहणारा दुसरा माणूस नसेल, असे आमच्या दाजींबद्दल मी खात्रीने सांगू शकतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सरकारी कचेरीत कारकून. कचेरीसाठी त्यांचा पुणेरी जोडा, बाजारासाठी साधे चढाव आणि देवळासाठी मुद्दाम ठेवलेल्या फाटक्या वहाणा. त्याही एकदा कोणी पळवल्या, तेव्हा दाजींना वाईट वाटले ते चोराबद्दल. "उजवीचा खिळा वर आलाय, टोचेल त्याला," म्हणत ते दोन दिवस हळहळत होते. रावपुऱ्यातून चालताना त्यांची नजर लोकांच्या टाचांवर असे. समोरून येणाऱ्या वरिष्ठांना नमस्कार करायचा राहून जाई, पण त्यांच्या बुटाची शिवण उसवली आहे, ही बातमी मात्र ताईपर्यंत पोहोचे.

मी मॅट्रिक झालो आणि नवसारीहून बडोद्याच्या कॉलेजात जायचे ठरले. ताईचे बिऱ्हाड दोन खोल्यांचे, तेव्हा राहणे बोर्डिंगात. तिथे पायातले किती जोड न्यावेत, यावर वडील आणि दाजी यांच्यात महिनाभर पत्रे चालली. वडिलांनी लिहिले, 'मुलाला पाय दोनच आहेत. एक जोड पुरे.' दाजींचे उत्तर चार पानी आले. वर्गासाठी बूट, पावसाळ्यासाठी वहाणा, खेळासाठी कॅनव्हासचे बूट, न्हाणीघरासाठी खडावा आणि समारंभासाठी पंपशू, असे पाच. खाली ताजा कलम : 'सहावा विचाराधीन आहे.'

जावयाशी वाद नको म्हणून वडिलांनी लिहिणे थांबवले आणि मला बुटांच्या एका जोडानिशी गाडीत बसवले. बडोद्याच्या स्टेशनावर दाजी काखेत गाठोडे घेऊन उभे. उरलेले चार जोड त्यात होते, आणि चारही मला बेतल्यासारखे बसले. दिवाळीला मी ताईकडे आलो असताना, दुपारी झोपलेल्या माझ्या पायांचे माप त्यांनी सुतळीने घेऊन ठेवले होते.

खोलीत भिंतीशी ओळीने मांडलेले ते जोडे पाहून माझ्या गुजराती सोबत्याने विचारले, "दुकान मांडवी छे के?" मला अगदी मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यात दाजी दर रविवारी येऊन पाहणी करत.

त्या वर्षीच्या संमेलनात सोबत्याला भाषण करायचे होते आणि त्याच्याजवळ धड जोडा नव्हता. मी माझे पंपशू दिले. ते त्याला घट्ट झाले, तरी त्याने भाषण पार पाडले. पंपशू मात्र उसवले. रविवारी दाजींनी ते उचलून पाहिले. मी खरे ते सांगून मान खाली घातली. सोबती तर दारातून सटकायच्या बेतात होता.

"बेसो," दाजी त्याला म्हणाले आणि खिशातून सुतळी काढून त्याच्या पायाचे माप घेऊ लागले. "भाषण चांगलं झालं असणार. पाय दुखत असला की माणूस पाल्हाळ लावत नाही."

पुढच्या रविवारी त्याचे पंपशू आले. मग सोबतीच माझ्याआधी दाजींची वाट पाहू लागला.

हे वेड कुठून आले, असे मी एकदा ताईला विचारले. ती भाजी निवडत होती. "त्यांचंही नाव याच कॉलेजात घातलं होतं रे," ती म्हणाली. "बोर्डिंगात जायचं सामान बांधून तयार होतं. त्याच आठवड्यात मामंजी गेले, आणि हे नोकरीला लागले. नवे घेतलेले जोडे कचेरीच्या वाटेवरच झिजले."

मी तो विषय दाजींजवळ कधी काढला नाही.

बी. ए. होऊन मी खोली सोडली, त्या दिवशी सामान बांधायला दाजी आले. वळकटी आवळून झाली. खाली टांगा उभा होता.

"खोली कधीपर्यंत आपली आहे?" त्यांनी विचारले.

"संध्याकाळपर्यंत."

"मग टांग्याला जाऊ दे. बसू थोडा वेळ."

रिकाम्या खाटेवर ते मांडी घालून बसले. शेजारी मी. मैदानावर मुले खेळत होती, त्यांचा गलका वर ऐकू येत होता. रेक्टरसाहेब किल्ली मागायला आले, तेव्हा कुठे दाजी उठले.